लढाईपूर्वीचा ब्लॉक

आपल्या ज्ञातीतील जुनी माणसे मुंबईतील एखाद्या घराविषयी बोलू लागली, म्हणजे ‘बिल्डिंग लढाईच्या आधीची आहे हो,’ हे वाक्य त्यांच्या तोंडी हमखास येई. त्यात घराची वाखाणणी असे. भिंत जाड, छत उंच, लाकूड ब्रह्मदेशी सागाचे आणि भाडे बेताचे, एवढा सारा अर्थ त्या एका विशेषणात सामावलेला असे. पुढे कायद्यानेही हीच खूण धरली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानले. शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी जो उपकर बसतो, त्याच्या वर्गवारीतही १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात मोडते. आजोबांची ‘लढाई’ आणि सरकारी दप्तरातील तारीख यांचा असा मेळ बसलेला आहे.

अलीकडे ही घरे पाडण्याचा हंगाम सुरू आहे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांच्या घरी पुनर्विकासाचे संमतिपत्र येऊन पडले असेल. चटईक्षेत्र किती मिळणार, मधल्या काळाचे भाडे किती, मोटार ठेवण्यास जागा एक की दोन, याची चर्चा घरोघर चालते, आणि ती चालणे योग्यही आहे. परंतु जे घर आपण सोडून देत आहोत ते मुळात आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या हाती कसे आले, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा निघत नाही. तो येथे काढावयाचा आहे. भाड्याच्या चाळीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. सहकारी संस्थेच्या ब्लॉकचा इतिहास मात्र त्यात राहणाऱ्यांनाच ठाऊक नसतो.

मुंबईतील घरांचा अर्वाचीन इतिहास प्लेगापासून धरावा लागतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगाचा पहिला रोगी ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. त्यानंतर शहर जे हादरले त्याची साक्ष खानेसुमारीचे आकडेच देतात. १८९१ साली मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ साली ७,७६,००६ झाली. सतत वाढत राहण्याची सवय लागलेले शहर दहा वर्षांत आकसले. उंदीर आणि पिसू यांचा या रोगाशी असलेला संबंध तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता. त्यामुळे दाटीवाटीची घरे, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे यांवरच सारे खापर फुटले. १८९८ साली ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि मोकळ्या जमिनींवर रस्ते, गटारे व भूखंड आखून ते भाडेपट्ट्याने देणे हे त्याचे मुख्य काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याच उद्योगाचे फळ होय. गावदेवीच्या वाड्या आणि दादर-माटुंग्याची शेते भूखंडांच्या नकाशावर आली तीही त्याच्याच हातून.

या सुधारणेत एक अडचण होती. ट्रस्टने पाडलेली घरे गरिबांची होती आणि आखलेले भूखंड पैसेवाल्यांना परवडण्याजोगे होते. या दोहोंच्या मध्ये कारकून, शिक्षक, रेल्वेतील व पोस्टातील नोकर असा एक मोठा वर्ग गिरगावात आणि ठाकुरद्वारात दाटीने राहत होता. त्याला झोपडीत राहणे शक्य नव्हते आणि भूखंड घेणेही शक्य नव्हते. १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणे शहरातील सुमारे दोनतृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते, आणि पांढरपेशे म्हणविणारेही त्यांत थोडेथोडके नव्हते.

या कोंडीतून प्रथम वाट काढली ती चित्रापूर सारस्वत समाजाने. हा समाज उत्तर कानडा जिल्ह्यातून मुंबईस नोकरीसाठी आलेला, संख्येने लहान, शिकलेला, पण भांडवलाच्या दृष्टीने यथातथाच होता. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्माकी यांनी १९०६ साली आपले गुरुतुल्य शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था उभी केली. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक मिळाली आणि १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली. गावदेवीस ट्रस्टच्या जमिनीवर तिच्या इमारती उभ्या राहिल्या. भारतातील पहिली गृहनिर्माण संस्था कोणती, यावर बंगळूरकरांचा दावा १९०९ सालचा आहे, तेव्हा त्या वादात आपण न पडलेले बरे. मुंबईपुरती ही संस्था आद्य होती आणि पुढील बहुतेक संस्थांनी तिचाच कित्ता गिरविला, एवढे निश्चित.

येथे सभासदाच्या मालकीचे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. जमिनीवर ट्रस्टचा हक्क होता. इमारत संस्थेची होती. सभासदाच्या हाती भागदाखला होता आणि त्या दाखल्याच्या जोरावर एका ब्लॉकमध्ये राहण्याचा हक्क. तो संस्थेस महिन्याच्या महिन्याला भाडे देई, आणि संस्थेचा भागीदार म्हणून ते भाडे घेणाऱ्यांतही तोच असे. भाडेकरू-भागीदारी असे या पद्धतीचे नाव होते. पन्नास-साठ रुपये पगाराच्या कारकुनास घरासाठी कर्ज देण्यास कोणी सावकार पुढे आला नसता, कारण त्याच्याजवळ गहाण टाकण्यास काही नव्हते. परंतु तो कोणाचा मुलगा, कोणत्या कचेरीत आहे, बहिणीच्या लग्नाचे देणे त्याने फेडले की बुडविले, ही माहिती ज्ञातीत सर्वांना होती. ही माहितीच त्याचे तारण ठरली. ज्ञातीचा अभिमान बाळगणारे लोक पूर्वजांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. आम्हांस तर हप्ता न चुकविणाऱ्या या कारकुनांचा पराक्रम अधिक मोलाचा वाटतो.

ब्लॉक या वस्तूचीही ओळख करून दिली पाहिजे, कारण आज ती इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यात काही नवे होते हे ध्यानातच येत नाही. चाळ म्हणजे ओळीने खोल्या, समोर सामाईक गॅलरी आणि टोकाशी सामाईक नळ व संडास. ब्लॉकमध्ये एका दाराच्या आत दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी किंवा न्हाणीघर आणि संडास हे सर्व आले. पुरुषांना या फरकाचे फारसे महत्त्व वाटले नसेल. ते दिवसभर कचेरीत असत. रात्री-अपरात्री कंदील घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाण्याचा, पहाटे नळावर हंडा लावून रांगेत उभे राहण्याचा, बाळंतपणात आणि आजारपणात चारचौघांसमोरून ये-जा करण्याचा जाच ज्यांना होता त्या स्त्रियांना मात्र दाराच्या आतला नळ म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तरीही जुन्या मंडळींना एक गोष्ट पचणे कठीण गेले. गावी संडास परसाच्या टोकाला. देवघर आणि स्वयंपाकघर ज्या छपराखाली त्याच छपराखाली संडास, ही कल्पनाच सोवळ्याच्या माणसास अंगावर काटा आणणारी होती. मुंबईच्या त्या काळच्या इमारतींत यावर जी तोड निघाली ती आजही जुन्या बांधणीत पाहावयास मिळते. संडास घराच्या अगदी मागच्या अंगास, स्वयंपाकघरापासून होईल तितका दूर. आणि इमारतीच्या पाठीमागे लोखंडाचा एक अरुंद गोल जिना. हा जिना सफाई करणाऱ्या माणसासाठी होता. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या घरगल्लीतून त्याने यावे, मागच्या जिन्याने चढावे, मागच्याच दाराने आपले काम करावे आणि दिवाणखान्यातील कोणाच्याही दृष्टीस न पडता निघून जावे, अशी ती योजना. आपण ज्या घरांच्या उंच छतांचे कौतुक करतो त्यांच्या पाठीमागे हा जिना आहे. लहानपणी त्यावर लपाछपी खेळलेले अनेकजण आपल्यात असतील. तो कशासाठी बांधला होता हे त्यांना कोणी सांगितले नसेल.

दुसरी तोड अशी की, शेजार आपल्यांचाच असावा. भिंतीपलीकडे कोण राहतो, वरच्या मजल्यावरून कोणाचे पाणी खाली येते, याची धास्ती ज्ञातिबांधवांच्या इमारतीत उरत नसे. पूर्वी शिवाशिवीची रेघ चुलीभोवती ओढलेली असे. ब्लॉकमध्ये ती तेथे पाळणे दिवसेंदिवस अवघड होत गेले, आणि सोवळे स्वयंपाकघरातून उठून कंपाउंडाच्या भिंतीवर जाऊन बसले. संस्थेच्या उपविधीत सभासदत्व अमुक ज्ञातीपुरते असे लिहिले की काम भागत असे. १९१८ साली वांद्र्यास साल्सेट कॅथॉलिक संस्था निघाली. दादरला मंचेरजी जोशी या ट्रस्टमधील अभियंत्याच्या खटपटीने पारशी कॉलनी वसली आणि तिच्या शेजारी हिंदू कॉलनी. सारस्वतांचीच दुसरी वसाहत सांताक्रूझला झाली. पाच बागा, झाडांच्या रांगा, बेताच्या उंचीच्या इमारती आणि नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या असे दादर-माटुंग्याचे रूप १९२० ते १९४० या वीस वर्षांत घडले. पुढे सिमेंट स्वस्त झाले, गोलाईच्या गॅलऱ्या आल्या आणि मरीन ड्राइव्हच्या धर्तीचे ब्लॉक शिवाजी पार्कभोवतीही उठले. या सौंदर्याचे वर्णन इतरत्र पुष्कळ झाले आहे. २०१८ साली ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह येथील इमारतींना जागतिक वारशाचा मानही मिळाला. आम्ही त्याचा विस्तार करीत नाही.

याच ट्रस्टने मजुरांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या तशा एका चाळीत दोन खोल्या घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हे सारे त्या दोन खोल्यांच्या काळातील होय. परदेशी शिकून आल्यावर बडोद्यास नोकरीसाठी गेले असता त्यांना शहरात कोठेही बिऱ्हाड मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात नाव बदलून ते राहिले, आणि खरे कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. पुस्तके ठेवावयास जागा हवी, हे त्या घराचे एक मुख्य कारण होते. ट्रस्ट तोच, काळही तोच. पन्नास रुपयांच्या कारकुनास जो ब्लॉक ज्ञातीच्या भरवशावर मिळू शकत होता, तो विलायतेच्या बॅरिस्टरास मिळाला नसता, कारण उपविधीतील ती एक ओळ विद्या आणि ऐपत विचारीत नव्हती. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट लिहिणे काहींस अप्रशस्त वाटेल. आमच्या मते ती लिहिण्याची हीच जागा आहे.

लढाईनंतर घरांचा सारा व्यवहार पालटला. भाडे १९४० च्या पातळीवर गोठल्यामुळे भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे कोणास परवडेना, आणि जुन्या इमारतीची दुरुस्ती करणे घरमालकाच्या जिवावर येऊ लागले. पागडी देऊन जागा घेण्याची चाल पडली. तिला १९९९ च्या कायद्याने मान्यता मिळाली. बांधावयाचे ते विकण्यासाठीच, असा नवा धंदा उभा राहिला व त्यास आळा घालण्यासाठी १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा करावा लागला. १९७० साली अपार्टमेंट मालकीचा कायदा आला. १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला तेव्हा उपकर भरणाऱ्या इमारती सुमारे १९,६०० होत्या. दर पावसाळ्यात त्यांतील एखादी कोसळल्याची बातमी येते. संस्थेच्या इमारतीत मालक आणि भाडेकरू एकच असल्यामुळे तेथे निदान उपाय हाती होता. सर्वसाधारण सभेने ठरविले तर वर्गणी वाढे आणि गिलावा, गच्ची, गटार यांची कामे निघत. सभेत भांडणे होत, चिटणिसावर आरोप होत, पण गच्ची गळावयाची थांबे.

आपल्या कुटुंबाची जागा कोणत्या प्रकारची आहे हे पुष्कळांना सांगता येत नाही, आणि पुनर्विकासाच्या वेळी त्याचाच घोटाळा होतो. पागडीच्या जागेत आपण भाडेकरू असतो. जमीन व इमारत घरमालकाची असते. सहकारी संस्थेत इमारत संस्थेची आणि आपला तिच्यात भाग. अपार्टमेंट पद्धतीत सदनिका स्वतःच्या नावावर असते आणि जमीन, जिना, गच्ची यांत अविभाज्य हिस्सा असतो. तिन्ही ठिकाणी राहणारा माणूस ‘आमचा ब्लॉक’ असेच म्हणतो. परंतु विकासकाशी बोलणी करण्याचा अधिकार कोणाचा, हे या भेदावर ठरते. संस्थेच्या बाबतीत तो एकट्याचा नाही. शासनाच्या २०१९ च्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती लागते. म्हणजे १९१५ च्या कारकुनाप्रमाणे आजही शेजाऱ्यावाचून आपले पान हलत नाही.

वस्ती मात्र तीच राहिलेली नाही. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर मणिभवन अजून आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत येत तेव्हा तेथे उतरत. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतील मराठी आणि कोकणी बोल मात्र विरळ झाला. एका ब्लॉकमध्ये वाढलेली तीन भावंडे तीन संसार करू लागली, तेव्हा एकाने ठाणे धरले, एकाने डोंबिवली, आणि म्हाताऱ्या आईवडिलांपाशी एकजण राहिला. ज्यांच्या पदरी पुढे पैसा आला त्यांनी जागा विकली, आणि घेणारा जो अधिक किंमत देईल तो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, दादर-परळला मनोरे आले. २०२५ साली भुयारी मेट्रो गिरगावखालून धावू लागली. या स्थित्यंतरास कोणा परक्याने घडवून आणले असे म्हणणे सोयीचे आहे. विक्रीखतांवर सह्या आपल्याच आहेत.

यातून जे निर्माण झाले त्यात एक विलक्षण न्याय आहे. मुंबईच्या काही नव्या इमारतींत मासळी खाणाऱ्या कुटुंबास जागा नाकारल्याच्या तक्रारी अलीकडे वारंवार ऐकू येतात. आपल्या ज्ञातीतील कुटुंबांनाही हा अनुभव आलेला आहे आणि आपल्या सभांत त्याविषयी संतापाने बोलले जाते. संताप रास्त आहे. परंतु शेजार आपल्यांचाच असावा हा नियम या शहराने कोणाकडून उचलला, हे त्या सभेत कोणी विचारीत नाही.

कायद्याचा कौल येथे सर्वस्वी एका बाजूने नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यात पुरेशा कारणावाचून कोणास सभासदत्व नाकारता येत नाही असे कलम आहे. उलट अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, केवळ पारशांना सभासदत्व देणारा उपविधी वैध ठरविला. तेव्हा पुनर्विकासानंतरच्या नव्या इमारतीतही ज्ञातीची अट कायम ठेवता येईल काय, अशी विचारणा आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी केली, तर वकील कदाचित मार्ग काढूनही देतील. आमचे मत विचाराल तर तो काढू नये. १९१५ साली ज्ञाती ही कारकुनाची पत होती, कारण त्याला दुसरी पत नव्हती. आज त्याच्या पणतूस बँक पगारपत्रक पाहून कर्ज देते. ज्या गरजेने ती भिंत बांधली गेली ती गरज सरली, आणि भिंतीची दुसरी बाजू तेवढी शिल्लक राहिली. हिशेब चोख ठेवणे, सभेस हजर राहणे, हप्ता वेळेवर भरणे, गळणारी गच्ची सर्वांची मानणे, हे त्या पिढीचे वळण मात्र नव्या मनोऱ्यात न्यावयास कोणत्याही उपविधीची अडचण नाही. चाळीस मजली इमारतीत उद्वाहकाचा आणि अग्निशमनाचा खर्च लढाईपूर्वीच्या तीन मजल्यांहून कितीतरी अधिक येणार आहे. तेथे या वळणावाचून पाच वर्षेही निभणार नाहीत.

एक विनंती करावयाची आहे. घर रिकामे करताना माळ्यावरील ट्रंका रद्दीत जातात. त्यांत जुने भागदाखले, भाड्याच्या पावत्या, संस्थेची छापील उपविधी-पुस्तके, वार्षिक अहवाल आणि निळ्या कागदावरील नकाशे असतात. आपल्या सभासद कुटुंबांनी हे कागद फेकू नयेत. ज्यांना ते ठेवावयास जागा नसेल त्यांनी ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात आणून द्यावेत. पोच दिली जाईल. इमारत पाडण्यापूर्वी घराची छायाचित्रे घ्यावीत. दिवाणखाना आणि देवघर सर्वच जण टिपतात. मागे जाऊन त्या लोखंडी जिन्याचेही एक घ्यावे.